महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलची वाढ पुरुषांच्या खेळाशी कशी ताडून पाहावी?

माहीमची आई (प्रश्न)

माझी मुलगी तेरा वर्षांची असून गेली तीन वर्षे ती शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचा हंगाम सुरू झाला, की ती पहाटे साडेचारचा गजर लावते, कारण तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे त्या वेळी सुरू होतात. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे ती आवाज बंद ठेवून, मोबाइल उशीला टेकवून सामना पाहते आणि सहाच्या सुमारास मी दूध तापवायला उठले, की कोणी किती गुण केले हे मला कुजबुजत सांगते.

मागच्या रविवारी जेवताना माझ्या धाकट्या दिरांनी तिला सांगितले, की महिलांची ही लीग पुरुषांच्या लीगच्या पैशावर चालते, एका खेळाडूमुळे तिथे गर्दी झाली आहे आणि ती ओसरली की सारे पुन्हा होते तसे होईल. दीर स्वतः कॉलेजात असताना खेळलेले आहेत आणि पुतणीवर त्यांचा फार जीव आहे. नववीपासून तिने अभ्यासाकडे लक्ष द्यावे, ही काळजी त्यांच्या बोलण्यामागे होती, हे मला कळते. परंतु मुलगी ताटावरून काही न बोलता उठली आणि तिला काय सांगावे हे मला सुचेना, कारण खेळातले मला फारसे कळत नाही.

महिलांच्या आणि पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलची तुलना कोणत्या मापाने करणे योग्य होईल, दिसते आहे ती वाढ टिकणारी आहे का, आणि मुंबईत सिमेंटच्या कोर्टवर खेळणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तिचा काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

हिशेबनीस, परळ

ताई, तुमच्या दिरांचे पहिले विधान बऱ्याच अंशी बरोबर आहे, म्हणून आधी ते मान्य करतो. डब्ल्यूएनबीएची स्थापना १९९६ साली पुरुषांच्या लीगच्या, म्हणजे एनबीएच्याच मालकमंडळाने केली, २१ जून १९९७ रोजी पहिला सामना न्यूयॉर्क लिबर्टी आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्यात झाला आणि २००२पर्यंत सर्व संघांची मालकीही एनबीएकडेच होती. तेव्हा पुरुषांच्या लीगचा पैसा आणि तिची सभागृहे यांच्या आधारावर ही लीग उभी राहिली, यात शंका नाही. पुढे संघ बंदही पडले. पहिली चार विजेतेपदे सलग जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ २००८मध्ये गुंडाळला गेला, ही गोष्ट त्या लीगच्या जुन्या चाहत्यांना आजही सलते.

मात्र तुलना करायची तर ती वयाला वय लावून करावी. आपण नेहमी आजच्या एनबीएशेजारी आजची डब्ल्यूएनबीए ठेवतो, आणि त्यात पन्नास वर्षांचे अंतर आहे हे विसरतो. पुरुषांची लीग १९४६ साली ११ संघांनिशी सुरू झाली आणि १९५४-५५च्या हंगामात गळती होऊन तिथे ८ संघ उरले. त्या काळचा खेळही असा, की आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता इकडून तिकडे देत वेळ काढत असे. नोव्हेंबर १९५०मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले होते, आणि हा अंतिम गुणफलक आहे, पहिल्या सत्राचा नव्हे. यावर उपाय म्हणून १९५४मध्ये २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचा नियम आला आणि आज आपण पाहतो तो वेगवान खेळ त्यानंतरचा आहे.

आणखी पुढे या. १९८०च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना फिलाडेल्फियात झाला. वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सनने त्यात ४२ गुण केले, आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात हा सामना घडत असताना दाखवलाच गेला नाही, रात्री उशिरा त्याचे ध्वनिचित्रमुद्रण लावण्यात आले. तो एनबीएचा ३४वा हंगाम होता. डब्ल्यूएनबीएचा ३४वा हंगाम २०३० साली येईल, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा नवा संघ तिच्यात दाखल होणार आहे. क्लीव्हलंड २०२८मध्ये आणि डेट्रॉइट २०२९मध्ये येणार आहेत. क्लीव्हलंडचा आधीचा संघ २००३मध्ये बंद पडला होता. जिथून लीगला एकदा उठावे लागले, तिथे ती परत जाते आहे. या तीन शहरांतील मालकांनी प्रवेशासाठी प्रत्येकी २५ कोटी डॉलर मोजण्याचे ठरवले आहे. गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीज या संघासाठी २०२३मध्ये हीच रक्कम ५ कोटी होती. पदरचे पैसे घालणारा माणूस दोन वर्षांत पाचपट किंमत देतो, तेव्हा ती केवळ कौतुकापोटी दिलेली नसते.

आता पगार. २०२४मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली आलेल्या केटलिन क्लार्कला इंडियाना फीव्हर या संघाकडून पहिल्या वर्षी सुमारे ७६ हजार डॉलर पगार होता. त्याआधीच्या वर्षी पुरुषांत पहिला आलेल्या व्हिक्टर वेंबान्यामाचा पहिल्या वर्षीचा पगार १ कोटी २० लाख डॉलरांच्या घरात होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक एक तर संतापतात किंवा खांदे उडवतात. परंतु एनबीएचे उत्पन्नच कित्येक पटींनी मोठे आहे. त्यामुळे रकमेला रक्कम लावण्याऐवजी, आलेल्या उत्पन्नातला किती हिस्सा खेळाडूंना मिळतो हे पाहावे. एनबीएच्या खेळाडूंना करारानुसार बास्केटबॉलच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा मिळतो. महिलांच्या २०२०च्या करारातला वाटा त्याच्या आसपासही नव्हता. म्हणूनच ऑक्टोबर २०२४मध्ये खेळाडूंच्या संघटनेने तो करार मुदतीआधी संपवायचे ठरवले आणि २०२५च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याआधी सरावाला उतरताना दोन्ही संघांतील खेळाडूंनी ‘आमचे जे देणे आहे ते द्या’ अशा अर्थाचा मजकूर छापलेले टी-शर्ट घातले. पुरुषांइतकाच पगार हवा, असे त्या म्हणत नव्हत्या. कमाईतला वाटा त्याच मापाने मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि हिशेबाच्या दृष्टीने मला ते चोख वाटते.

प्रक्षेपणाच्या हक्कांचेही तसेच आहे. नव्या ११ वर्षांच्या करारात एनबीएला साडेसात हजार कोटी डॉलरांहून अधिक आणि डब्ल्यूएनबीएला सुमारे २२० कोटी डॉलर मिळणार आहेत. मात्र हे हक्क एकत्र विकले गेले. गठ्ठ्याने विकलेल्या मालातल्या एका जिनसाची खरी किंमत बाजाराने स्वतंत्रपणे ठरवलेली नसते. तेव्हा महिलांचा खेळ पुरुषांच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या लायकीचा आहे, असा निष्कर्ष त्या आकड्यांवरून काढू नये. दिरांना एवढे जरूर सांगा.

माजी खेळाडू, माटुंगा

वरचा हिशेब मला पटला. मी त्यात कोर्टवरची बाजू घालते, कारण मी शाळेपासून खेळले, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

ज्या मैदानावर मी घडले, त्याचे नाव लिहीत नाही, पण तिथे मुलींची वेळ दुपारी तीन ते साडेचार अशी होती. एप्रिलमध्ये त्या वेळी सिमेंट इतके तापलेले असे, की बुटाच्या तळव्यातून चटका वर येई आणि चेंडूवरचा घाम पुसेपर्यंत तो पुन्हा निसटता होई. पाच वाजता मुले येत. त्यांच्यासाठी दिवे लागत, प्रशिक्षक येत, आणि कठड्यावर बसून पाहणारी माणसेही तेव्हाच येत. आम्ही खेळताना कठड्यावर कोणी नसे. मग समितीचे लोक म्हणत, की मुलींचा खेळ पाहायला कोणी येत नाही, तेव्हा त्यांना संध्याकाळ कशाला द्यायची? लीग लहान असो की मोठी, हा युक्तिवाद मी सगळीकडे ऐकला आहे. आधी अडचणीची वेळ द्यायची आणि नंतर गर्दी नाही म्हणून बोल लावायचा.

आपल्या मुंबईत बास्केटबॉलला काही कमी प्रेम मिळालेले नाही. नागपाड्याच्या गल्ल्यांनी देशाला किती खेळाडू दिले, याची मोजदाद नाही. तिथले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीएचे दोन संघ खेळून गेले, तेव्हा मीही गेले होते आणि शेजारी बसलेल्या शाळकरी मुलींचा आवाज माझ्या अजून कानात आहे. डब्ल्यूएनबीएचा संघ असा मुंबईत उतरलेला मला पाहायचा आहे.

तुमच्या मुलीसाठी काय अर्थ आहे, हे तुम्ही विचारले आहे. आपल्या देशात महिला खेळाडूचे व्यावसायिक आयुष्य म्हणजे आजवर मुख्यतः नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व राहिले, याचे कारण हेच, की चांगल्या मुलीला सुरक्षित पगार, सरावासाठी सवलत आणि प्रवासाची सोय रेल्वेने दिली. आमचा संघ पहाटे सराव करून दहाला कार्यालयात हजर होत असे. या व्यवस्थेने शेकडो घरे उभी केली, त्यात माझेही आहे, म्हणून तिला कोणी कमी लेखू नये. परंतु नोकरी टिकवण्यासाठी खेळणे आणि खेळ हीच नोकरी असणे यांत फरक आहे. गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेकडून खेळत, त्यांनी ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून हंगाम गाजवले आणि २०११मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. निवड झाली नाही, तरी ते दार एका भारतीय मुलीने ठोठावले होते. २०१७मध्ये बंगळूरुला आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. मुलीला तो सामना शोधून दाखवा.

आणखी एक विचारते. तुमची मुलगी कोणत्या मापाच्या चेंडूने सराव करते? मुलींसाठी सहा क्रमांकाचा चेंडू असतो, त्याचा घेर साधारण साडेअठ्ठावीस इंच असतो. पुरुषांचा सात क्रमांकाचा चेंडू एक इंचाने मोठा आणि वजनानेही जड असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने २००४पासून महिलांसाठी सहा क्रमांक ठरवून दिला आहे, तरी शाळांच्या कपाटात बहुधा एकच जाळी असते आणि तिच्यात सगळे साताचे चेंडू असतात. लहान हाताची मुलगी तो चेंडू दोन्ही हातांनी छातीवरून ढकलते, मनगटाची सवय लागत नाही, आणि मग तिचा नेम कच्चा ठरतो.

पहाटेचा प्रेक्षक, बोरिवली

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. एका खेळाडूमुळे गर्दी झाली, हे विधान खोडण्याच्या भरात आपण केटलिन क्लार्कचे श्रेय कमी करू नये. २०२४च्या एप्रिलमध्ये तिच्या आयोवा विद्यापीठाचा साउथ कॅरोलायनाविरुद्धचा विद्यापीठांच्या स्पर्धेतला अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला आणि पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा तो आकडा मोठा ठरला. त्याच वर्षी इंडियाना फीव्हरच्या घरच्या सामन्यांना सरासरी १७ हजार प्रेक्षक आले. २०२५मध्ये दुखापतींमुळे ती फक्त १३ सामने खेळू शकली आणि ती नसताना दूरचित्रवाणीवरचे प्रेक्षक घटले, हेही खरे आहे.

पण त्याच २०२५मध्ये व्हॅल्कीरीज हा अगदी नवा संघ सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. त्यांच्याकडे क्लार्क नव्हती. तरी त्यांच्या घरच्या बावीसही सामन्यांची तिकिटे संपली, आणि ते सभागृह १८ हजारांचे आहे. हे प्रेक्षक एका खेळाडूसाठी आले नव्हते, आपल्या गावच्या संघासाठी आले होते. माझ्या मते टिकाऊ वाढीची खूण कुठे असेल तर ती इथे आहे.

पुरुषांची लीगही १९७९नंतर मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड या दोघांच्या चुरशीवरच वर आली, आणि ती चुरसही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यातूनच सुरू झाली होती. एनबीए दोन खेळाडूंवर उभी आहे, ते गेले की ती बसेल, असे तेव्हा म्हणणाऱ्यांना पुढच्या काळाने उत्तर दिले.

पगाराबाबत एक भर घालतो. कमी पगारामुळे या खेळाडू हिवाळ्यात परदेशी क्लबांकडून खेळत आल्या. डायना टॉरासीला रशियातील क्लबने इतके पैसे दिले, की २०१५चा अमेरिकेतला हंगाम तिने विश्रांतीसाठी सोडून दिला. ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२मध्ये रशियात अटकेत सापडली ती त्याच क्लबकडे परतत असताना, आणि डिसेंबरपर्यंत ती सुटली नाही. बारा महिने खेळून शरीर झिजवणे, हा महिलांच्या खेळातला खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. आता नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्ट्युअर्ट या दोन खेळाडूंनीच २०२५च्या जानेवारीत मायामीत हिवाळी लीग सुरू केली आहे, त्यामुळे घरी राहून खेळण्याची सोय झाली. मला या सगळ्या वाढीतली ही सर्वांत आशादायक गोष्ट वाटते, कारण ती खेळाडूंच्या हातून झाली आहे.

माहीमची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. माजी खेळाडू ताईंचा प्रश्न वाचून मी काल संध्याकाळी घरातला चेंडू हातात घेऊन पाहिला. व्हॉल्व्हच्या बाजूला पुसट झालेला आकडा आहे, तो ७ आहे. हा चेंडू तिला शाळेतून सुट्टीपुरता मिळाला होता. तिचा उजवा अंगठा वरचेवर दुखतो आणि मी तो रोज तेल लावून चोळते, पण कारण असे काही असेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दिरांना मी १९-१८चा सामना वाचून दाखवला. त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी पुतणीला बोलावून २४ सेकंदांचा नियम समजावून सांगायला सुरुवात केली, तर तिला तो आधीच पाठ होता.

मात्र आमच्याकडेही मुलींना दुपारी साडेतीनची वेळ आहे. इतके दिवस मला ती सोयीची वाटत होती, कारण काळोखाच्या आत मुलगी घरी येते.

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, गिरगाव

ताई, काळोखाची काळजी खरी आहे आणि ती बाजूला सारू नका. आमच्या शाळेत आम्ही आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळची वेळ मुलींना दिली, तेव्हा पालकांची हीच पहिली हरकत होती. आळीपाळीने दोन पालक कठड्यावर बसतील आणि एकाच बाजूला राहणाऱ्या मुली एकत्र परततील, असे ठरल्यावर ती मिटली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. मुलींचा खेळ पाहायला रोज माणसे बसू लागली. सुरुवातीला ती राखणीसाठी बसत, महिनाभराने ती गुण मोजू लागली.

शहर म्हणून आपण हे क्रिकेटमध्ये पाहिले आहे. महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला हंगाम २०२३मध्ये पूर्णपणे ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटील या दोनच मैदानांवर झाला, पाच संघांसाठी ४,६६९ कोटींहून अधिक बोली लागली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यानंतरच्या सोमवारी माझ्या शाळेतल्या नऊ मुलींनी क्रिकेटसाठी नावे दिली. बास्केटबॉलला आपल्याकडे अजून अशी लीग आणि असा पैसा नाही, हे मुलीपासून लपवू नका. दहावीला राज्य पातळीवर खेळल्याचे वाढीव गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे मात्र दिरांच्या कानावर घाला.

समितीला अर्ज करताना ‘मुलींना न्याय द्या’ असे मोघम लिहू नका, त्यावर सगळे माना डोलावतात आणि काहीच हलत नाही. सध्याचे वेळापत्रक जोडा, मुलींच्या वाट्याला दिव्यांचे किती तास येतात ते आकड्यात लिहा, आणि मंगळवार व गुरुवार साडेपाच ते सात एवढीच ठोस मागणी करा. सोबत सहा क्रमांकाचे चार चेंडू मागा. पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरते आणि तेव्हा कोर्ट तसेही बंद पडते, म्हणून अर्ज ऑगस्टमध्ये द्या, म्हणजे सप्टेंबरअखेर नवे वेळापत्रक लागेल त्यात तो धरला जाईल. अंगठा दुखत असेल तर तेलावर न राहता एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर तिला रिंगच्या दिशेने दोन पावले पुढे येऊन नेम धरायला सांगा.